मुद्रा, वेष्टन आणि गठडीची खूण

जुनें दप्तर हातीं आलें म्हणजे संशोधक आधीं गांठ सोडतो, मग फडकें बाजूस टाकतो आणि नंतर कागद वाचूं लागतो. हा क्रम इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्यांत कांहीं चुकतें असें कोणास वाटत नाहीं. ती गांठ, तें फडकें आणि त्यांवरील खूण हीं देखील इतिहासाचीं साधनेंच होत, आणि कांहीं प्रसंगीं कागदाहून अधिक खरें तींच बोलतात, एवढें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. लेखाच्या शेवटीं आम्हांस आमची स्वतःची एक चूक कबूल करावयाची आहे. परंतु ती चूक कोणत्या जातीची हें कळावें म्हणून प्रथम विषयाचा थोडा विस्तार करणें अवश्य आहे.

आजच्या व्यापारांत मालाचें वेष्टन, मालाची छाप आणि मालाचें रूप यांचें एक स्वतंत्र शास्त्रच बनलें आहे. त्या शास्त्रांत नित्य नव्या कल्पना निघतात व त्यांचें कौतुक होतें. पण त्यांतील मूळ कामें पाहूं गेल्यास तीं तीनच आहेत: माल बांधणें, बांधलेल्या मालावर खूण करणें, आणि ती खूण दुरून ओळखूं येईल असें तीस रूप देणें. हीं तिन्ही कामें आपल्या देशांत फार जुनीं आहेत, व त्यांचे अवशेष आपल्या संग्रहांतून पडून आहेत. ते अवशेष म्हणून ओळखले मात्र जात नाहींत.

(१) शब्दांची साक्ष

प्रथम शब्दांकडे पाहूं. छाप या अर्थीं हल्लीं जो ‘ब्रँड’ हा इंग्रजी शब्द सर्वतोमुखीं आहे, त्याचा मूळ अर्थ जळतें लांकूड, व त्यावरून जनावराच्या अंगावर दिलेला डाग. आपल्याकडेही मालकीच्या खुणेचा आरंभ गुराढोरांपासूनच दिसतो. पाणिनीच्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत एक सूत्र आहे. ‘कर्ण’ शब्द पुढें असतां लक्षणवाचक पूर्वपदाचा अंत्य स्वर दीर्घ होतो, असें तें सांगतें. म्हणून ज्या जनावराच्या कानावर विळ्याची खूण आहे तें ‘दात्राकर्ण’. त्या सूत्रांतच अपवाद म्हणून कांहीं खुणांचीं नांवें दिलीं आहेत. अष्ट, पञ्च, मणि, भिन्न, छिन्न, छिद्र, स्रुव, स्वस्तिक हीं त्यांपैकीं होत. हें जनावर कोणत्या धन्याचें तें कळावें म्हणून केलेली खूण तीच येथें ‘लक्षण’ समजावी, असें काशिकाकार स्पष्ट करतात. म्हणजे व्याकरणकाराला ज्यांचे अपवाद नोंदावे लागले, इतक्या या खुणा लोकव्यवहारांत रुळलेल्या होत्या. महाभारताच्या वनपर्वांत दुर्योधन घोषयात्रेस जातो तोही गाईंची मोजदाद करून वासरांवर अंक घालण्याच्या निमित्तानेंच.

अमरकोशांत चिह्न, लक्षण, लक्ष्म, अंक आणि लांछन यांच्याच ओळींत कलंक हा शब्दही बसविला आहे. मराठींत आज लांछन म्हणजे बट्टा. खूण आणि डाग यांस एकच शब्द असावा यांत आम्हांस एक व्यवहाराचें सूत्र दिसतें. जो खूण करतो तो जबाबदारीही पत्करतो. माल चांगला निघाला तर ती खूण भूषण होते, खोटा निघाला तर तीच कलंक होते.

वेष्टनाचे शब्दही असेच बोलके आहेत. गोणी हा शब्द पाणिनीस ठाऊक होता. चौथ्या अध्यायांत माल भरण्याचें साधन या अर्थीं तो साधिला आहे, व पांच गोणी देऊन विकत घेतलेल्या वस्तूस ‘पञ्चगोणि’ म्हणावें असें पहिल्या अध्यायावरून निघतें. म्हणजे नुसतें पोतें हें किंमतीचें माप होऊन बसलें होतें. हाच शब्द पुढें इंग्रजींत ‘गनी’ होऊन जगभर गेला. पुडा व पुडी यांच्या मागें संस्कृत ‘पुट’ आहे. लाखेनें बंद केला तो लाखोटा. खलिता हा अरबी ‘खरीता’, म्हणजे पिशवी. लिफाफा म्हणजे गुंडाळण्याचें साधन. आणि ज्या दप्तराच्या नांवानें आपण सारे व्यवहार करतों तो ‘दप्तर’ शब्द ग्रीक भाषेंतून फारसींत येऊन आपल्याकडे आलेला, मूळ अर्थ कमावलेलें कातडें. पत्राचें नांव पिशवीवरून आणि लेखसंग्रहाचें नांव कातड्यावरून पडलें, यावरून आपले पूर्वज आवरणाला किती मानीत तें दिसतें. आपण मात्र आंतील मजकूर घेऊन पिशवी टाकून देतों.

(२) लोथल येथील मातीचे गोळे

आतां प्रत्यक्ष वस्तूंकडे वळूं. गुजराथेंत लोथल येथें १९५५ पासून पुढें कांहीं वर्षें शिकारीपूर रंगनाथ राव यांच्या देखरेखीखालीं उत्खनन झालें. तेथें उंच ओट्यावर बांधलेल्या एका मोठ्या इमारतीचे अवशेष निघाले. राव यांनीं तीस मालाचें कोठार मानिलें. ती इमारत आगींत सांपडली होती. त्या आगीनें माल गेला, पण मालाच्या गठड्यांवर लावलेले मातीचे गोळे भाजून पक्के झाले. असे साठांहून अधिक ठसे त्या एका जागीं मिळाले.

या गोळ्यांच्या वरच्या बाजूस सिंधु संस्कृतीच्या मुद्रेचा ठसा आहे. ती लिपि सर्वमान्य रीतीनें अद्याप वाचतां आलेली नाहीं. म्हणून ‘मजकूर’ या दृष्टीनें ते मुके आहेत. परंतु तेच उलटे करून पाहिले असतां खालच्या बाजूस दोरीचे पीळ, चटईची वीण, बोरू आणि विणलेलें कापड यांचे छाप स्पष्ट दिसतात. म्हणजे गठडी चटईंत वा कापडांत गुंडाळली होती, दोरीनें आवळली होती, आणि गांठीवर ओली माती थापून तींत मुद्रा दाबली होती. कांहीं गोळ्यांवर एकाहून अधिक मुद्रांचे ठसे आहेत; त्यावरून एका गठडीस एकाहून अधिक माणसें जबाबदार होतीं असें अनुमान निघतें. इराकांतील उम्मा येथून आलेला म्हणून १९२५ मध्यें प्रसिद्ध झालेला सिंधु मुद्रेचा एक ठसाही असाच आहे; त्याच्या पाठीवर कापडाची वीण उमटली आहे. सिंधूकडील माल तिकडे कसा बांधून जात असे याचा हा हातीं धरतां येण्याजोगा पुरावा होय.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. लेख वाचतां येत नाहीं, माल नष्ट झाला, मालक विस्मृतींत गेला. तरी वेष्टन कशाचें होतें हें आज चार हजारांहून अधिक वर्षांनीं सांगतां येतें. तें सांगतां आलें याचें कारण एवढेंच कीं, उत्खनन करणारांनीं गोळ्याची पाठ पाहिली.

(३) शुल्काध्यक्षाचा नाका

मुद्रेचा व्यवहार कायद्यांत कसा बसविला होता तें कौटिलीय अर्थशास्त्रावरून कळतें. म्हैसूर येथील शामशास्त्री यांनीं हा ग्रंथ १९०९ मध्यें छापून काढिला. पुढें मुंबई विद्यापीठानें रा. प. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति १९६० पासून प्रसिद्ध केली. दुसऱ्या अधिकरणांत शुल्काध्यक्षाचें प्रकरण आहे. नगराच्या महाद्वाराजवळ जकातीचा नाका असावा, त्यावर ध्वज असावा, आणि सार्थ येऊन उतरला म्हणजे चारपांच कारकुनांनीं नोंद करावी: व्यापारी कोण, कोठले, माल किती, आणि अभिज्ञान किंवा मुद्रा कोठें झाली. याच्या आधींची पायरी अंतपालाकडे आहे. परदेशाहून आलेल्या सार्थाचा माल सरहद्दीवर तपासून, त्यावर खूण व मुद्रा करून, मग तो पुढें पाठवावयाचा.

दंडाचे नियम पाहण्यासारखे आहेत. मुद्रा नसलेल्या मालास देय शुल्काच्या दुप्पट. खोटी मुद्रा असल्यास आठपट. मुद्रा फुटलेली असल्यास व्यापाऱ्यास नाक्यावर अडकून राहावें लागे. राजमुद्रा बदलली किंवा मालाचें नांव बदललें तर दर वाहनामागें सव्वा पण. मुद्रा नसणें, मुद्रा फुटणें, मुद्रा बदलणें आणि मुद्रा खोटी करणें हे चार निराळे अपराध मानून त्यांस चार निराळे दंड सांगितले आहेत. अज्ञान, अपघात, लबाडी आणि कूटकर्म यांत शास्त्रकारानें भेद केला, आणि सर्वांत कठोर शिक्षा खोट्या खुणेस ठेविली. खोटी खूण एका व्यापाऱ्याचें नुकसान करून थांबत नाहीं. ती सगळ्याच खुणांवरचा विश्वास नाहींसा करते.

हा केवळ ग्रंथांतील आदर्श नव्हता असें मानण्यास पुरावा आहे. बिहारांत बसाढ, म्हणजे प्राचीन वैशाली, येथें ब्लॉक यांनीं १९०३–०४ मध्यें केलेल्या उत्खननांत एका लहानशा जागेंत गुप्तकालीन मातीचे सातशेंहून अधिक ठसे मिळाले. त्यांपैकीं अडीचशेंहून अधिक ठशांवर श्रेष्ठी, सार्थवाह व कुलिक यांच्या निगमाची मुद्रा आहे, आणि पुष्कळदां तिच्या जोडीस एखाद्या व्यक्तीच्या नांवाची मुद्राही आहे. व्यक्तीनें आपलें नांव द्यावें आणि संघानें त्यास पाठबळ द्यावें, ही पद्धति आजच्या व्यापाऱ्यासही समजण्यासारखी आहे.

याच सुमाराच्या अलीकडे पलीकडे समुद्रापार काय चाललें होतें तेंही एका कागदावरून दिसतें. व्हिएन्ना येथें असलेला व १९८५ मध्यें प्रसिद्ध झालेला इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील एक पपायरसलेख मलबारच्या मुझिरिस बंदराच्या व्यापाराविषयीं आहे. गंगेकडील जटामांसी, हस्तिदंत आणि कापड असा माल वाहून आणणाऱ्या जहाजाचा हिशेब त्यावर आहे. माल ईजिप्तमधील कोप्तोस येथें नेऊन सरकारी कोठारांत धनकोच्या मुद्रेखालीं ठेवावा अशी त्या करारांत अट आहे. तेथील धनको आणि येथील शुल्काध्यक्ष यांची गांठ कधींही पडली नसेल. पण विश्वास कशावर ठेवावा याविषयीं दोघांचें एकमत होतें.

(४) छाप पाहून काळ ठरला

मालावरील छाप इतिहासाच्या किती उपयोगीं पडते याचें उत्तम उदाहरण पुदुच्चेरीजवळील अरिकामेडू हें होय. तेथें १९४५ मध्यें व्हीलर यांनीं उत्खनन केलें. दक्षिण हिंदुस्थानांतील स्थळांची कालगणना त्या वेळीं फारच अंधुक होती. अरिकामेडूस इटलींतील अरेत्सो येथील तांबड्या झिलईचीं भांडीं निघालीं, आणि त्यांतील कांहींच्या बुडावर तेथील कुंभारांचे नाममुद्रांकित ठसे होते. इटलींत या भांड्यांचा काळ आधींच ठरलेला असल्यामुळें त्यांच्या थरांत मिळालेल्या देशी खापरांचा काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास बसवितां आला, आणि तीं देशी खापरें पुढें इतर स्थळीं गज म्हणून वापरतां आलीं. व्हीलर यांच्या कालनिर्णयांत पुढील संशोधकांनीं दुरुस्त्या सुचविल्या आहेत. पण आरंभ झाला तो एका कुंभारानें आपल्या मालाच्या बुडावर उठविलेल्या ठशावरून. त्या कुंभाराला आपल्या गिऱ्हाइकांपुरतें नांव हवें होतें.

(५) कंपनीच्या गठडीवरील हृदय

गठडीची खूण किती उंच चढूं शकते याचें उदाहरण आपल्या बहुतेक नाणेसंग्राहकांच्या पेटींत असेल. मुंबई इलाख्याकरितां १७९१ मध्यें बर्मिंगहॅमजवळील सोहो येथील टांकसाळींत यंत्रानें पाडलेलीं तांब्याचीं नाणीं पाहावींत. एका बाजूस तराजू व त्याच्या पारड्यांमध्यें ‘अद्ल’, म्हणजे न्याय, हा अरबी शब्द. दुसऱ्या बाजूस हृदयाची आकृति, तिचे भाग पाडून त्यांत संयुक्त ईस्ट इंडिया कंपनीचीं चार आद्याक्षरें, आणि माथ्यावर इंग्रजी चारच्या आंकड्यासारखें चिन्ह. ही आकृति राजचिन्ह नव्हे. युरोपांतील व्यापारी आपल्या गठड्यांवर अशा खुणा काढीत; कंपनीच्या कापडाच्या, मसाल्याच्या गठड्यांवर ओळखीसाठीं जी खूण असे तीच ही. तांड्यांतील हमालास वाचतां येत नसलें तरी हृदय व चार ओळखतां येत होतें.

तीच गठडीची खूण नाण्यावर आली. नाणें पाडणें हा राजाचा अधिकार. व्यापाऱ्यानें तो हातीं घेतला तेव्हां त्यानें मुकुट न काढतां गठडीची खूण काढली, ही गोष्ट त्या राज्याचें मूळ सांगते. पुढें १ जुलै १८५२ रोजीं सिंधचे कमिशनर बार्टल फ्रियर यांनीं ‘सिंद डाक’ हीं टपालाचीं तिकिटें काढलीं. आशिया खंडांतील चिकटवावयाचीं हीं पहिलीं तिकिटें होत. त्यांवरही मध्यभागीं कंपनीची तीच व्यापारी खूण आहे. त्यांतील एक प्रकार लाल लाखेच्या पातळ चकतीवर ठसा उठवून केलेला होता. तो ठिसूळ असल्यामुळें तडकत असे, म्हणून त्याचे नग आज अत्यंत दुर्मिळ आहेत. १८५४ च्या आक्टोबरांत सर्व देशासाठीं एक तिकीट निघालें व हीं बंद झालीं. ओल्या मातीच्या गोळ्यापासून लाखेच्या चकतीपर्यंत कल्पना एकच. वस्तु मार्गांत असतां धन्याच्या वतीनें खूण बोलते.

(६) ठाणावरील तिकिटें व कायदा

एकोणिसाव्या शतकांत गिरणीचें कापड आलें आणि खुणांचें रूप पालटलें. मँचेस्टरच्या कापडाच्या ठाणावर रंगीत शिळाछापाचीं तिकिटें चिकटविलेलीं असत. त्यांवर देवदेवता, हत्ती, वाघ, नर्तकी, राजेरजवाडे अशीं चित्रें असत. विणकर परका, भाषा परकी. गिऱ्हाईक चित्रावरून माल ओळखी व तोच पुन्हा मागे. आपल्याकडे पुण्यास चित्रशाळा १८७८ मध्यें निघाली, रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्यें मुंबईस सुरू होऊन पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. घरोघरीं लागलेलीं देवांचीं रंगीत चित्रें आणि ठाणावरील तिकिटें हीं एकाच युगाचीं भावंडें होत. हीं तिकिटें आज संग्राहक मोठ्या आवडीनें जमवितात. परंतु ठाणापासून सुटलेलें तिकीट आणि गठडीपासून सुटलेलें पत्र यांची अवस्था सारखीच.

छाप वाढल्या तशा खोट्या छापाही वाढल्या. विलायतेंत १८७५ मध्यें छापांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि १ जानेवारी १८७६ रोजीं पहिल्या क्रमांकानें नोंदली गेली ती एका मद्यउत्पादकाची तांबड्या त्रिकोणाची खूण. हिंदुस्थानांत १८८९ चा चौथा कायदा मालावरील खुणांविषयीं झाला. त्यांतील एक कलम आपल्या विषयास फार महत्त्वाचें आहे. गिरणींत तयार झालेल्या कापडाच्या ठाणावर त्याची लांबी यार्डांत, इंग्रजी आंकड्यांनीं, ठळकपणें छापलीच पाहिजे, असा त्यानें दंडक घातला. छापांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे १९४० मध्यें झाला, त्याच्या जागीं पुढें १९५८ चा व नंतर १९९९ चा आला. १९९९ मध्येंच स्थानविशेषाच्या मालास संरक्षण देणारा भौगोलिक चिन्हांचा कायदाही झाला. पैठणी व कोल्हापुरी चप्पल यांची नोंद त्याखालीं झाली आहे. वैशालीच्या निगमाची जोडमुद्रा आणि ही आजची नोंद यांत कुळाचें साम्य आहे. एकट्या कारागिराच्या मागें सगळें गांव उभें आहे, असें दोन्ही सांगतात.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, खुणा खोट्याही असतात. मग त्यांस प्रमाण कसें मानावें? आक्षेप रास्त आहे. खूण हें आंतील मालाचें प्रमाण नव्हे. कोणी काय म्हटलें याचें तें प्रमाण. वेष्टन तर त्याहून मर्यादित. तें बांधल्याच्या वेळेचें प्रमाण आहे, आंतील वस्तु केव्हां झाली याचें नव्हे. हा भेद सोडला तर कशी फजिती होते तें आतां सांगतों.

(७) आमची चूक

मराठी दप्तरांतील बंदोबस्त वर सांगितलेल्या परंपरेचाच आहे. कागदाचे बंद एकमेकांस डकवून लांब महजर होत असे, आणि सांध्यावर पाठीमागून शिक्का उठवीत, कीं मधला बंद कोणी काढून दुसरा घालूं नये. लेखनसीमेची मोर्तब उठली म्हणजे तिच्यापुढें अक्षर घालण्यास जागा नसे. थोरांचीं पत्रें थैलींतून जात. कागद रुमालांत बांधीत, पोथी दोन फळ्यांमध्यें ठेवून बासनांत गुंडाळीत. एखादी गोष्ट ‘बासनांत गुंडाळली’ असें आपण म्हणतों तेव्हां ती कायमची दूर ठेविली असा अर्थ होतो. मूळचा अर्थ मात्र ती जपून ठेविली असा होता.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही नुकतेच शाळेंत शिक्षक झालों होतों. मोडी वाचण्याची हौस नवी होती. एका खेड्यांतील जुन्या कुलकर्णी घराण्यानें आपलें दप्तर आम्हांस पाहावयास दिलें. अकरा रुमाल होते. आम्हीं ते सोडले, कागद झटकले, मितीवार लावले आणि पुठ्ठ्याच्या वह्यांत घातले. रुमाल जीर्ण, कसर लागलेले. ते आम्हीं कोपऱ्यांत टाकले. घरांतील वृद्ध आजी दारांत बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “मास्तर, कागद खुशाल न्या, पण फडकीं टाकूं नका. मामंजी गांठ पाहून कागद काढीत.” आम्ही हंसलों. त्यांस अक्षरओळख नव्हती आणि आम्हांस होती, एवढ्यावर आमचें समाधान झालें. फडकीं त्या दिवशीं सारवणाच्या कामास गेलीं. एक मात्र आजींनीं उचलून नेलें.

त्या दप्तरांतील कांहीं कागदांवर आम्हीं पुढें एक टिपण लिहिलें. त्यांत विहिरीच्या हिश्श्याच्या वादाचें एक बिनसालाचें पत्र होतें. तें सवाई माधवरावांच्या कारकीर्दींतील असावें असें आम्हीं ठरविलें. आधार काय? तर हें दप्तर पेशवाईअखेरीस बांधलें गेलें व तेव्हांपासून त्यास कोणाचा हात लागला नाहीं, हें आमचें विधान. घरच्या मंडळींनीं तसें सांगितलें होतें आणि आम्हांस तें गोड वाटलें होतें.

चार वर्षांपूर्वीं त्या घरीं पुन्हां जाण्याचा योग आला. आजी कधींच्याच वारल्या होत्या. देव्हाऱ्याजवळ त्यांची पोथी होती, आणि तिच्या बासनास आम्हीं ओळखलें. तें त्या अकरांपैकीं उरलेलें एक फडकें होतें. नातवानें तें आदरानें सोडून दाखविलें. कापड सूत समान असलेलें, यंत्रावर विणलेलें. एका कोपऱ्यास निळसर शाईचा पुसट ठसा होता. सिंहाचा मागचा अर्धा भाग, आणि त्याखालीं इंग्रजी आंकड्यांत लांबीचा आंकडा.

आम्ही तें फडकें हातीं घेऊन बराच वेळ बसलों. मुंबईस कापडाची पहिली गिरणी निघाली ती १८५४ मध्यें. लांबीचा आंकडा छापणें सक्तीचें झालें तें १८८९ मध्यें. पेशवाई १८१८ मध्यें संपली. म्हणजे निदान हा एक रुमाल पेशवाईनंतर दोन पिढ्यांहून अधिक काळानें बांधला गेला होता. दप्तरास कोणाचा हात लागला नाहीं हें विधान त्या क्षणींच पडलें. आजींचे मामंजी, जे गांठ पाहून कागद काढीत, त्यांनींच बहुधा तें दप्तर आपल्या रीतीनें पुन्हां लाविलें असावें. कोणत्या रुमालास कसली गांठ, कोणत्या वादाचे कागद कोणत्या फडक्यांत, ही त्यांची सूची होती. ती सूची कापडावर व दोरींत लिहिलेली होती. ती आम्हीं सारवणांत घातली. विहिरीचें तें पत्र कोणत्या रुमालांत होतें, त्याच्या शेजारीं कोणते कागद होते, हें आतां कोणीही सांगूं शकणार नाहीं. आम्हीं त्या टिपणांत केलेला कालनिर्णय निराधार आहे. तो आम्ही येथें जाहीरपणें मागें घेतों. ज्या कोणी त्यावर विसंबून लिहिलें असेल त्यांनीं तें दुरुस्त करून घ्यावें.

(८) संग्राहकांस विनंति

या प्रकारावरून आम्हांस जें सुचलें तें थोडक्यांत मांडतों. दप्तर सोडण्यापूर्वीं त्याचें बाहेरून चित्र घ्यावें व रुमालास क्रमांक द्यावा. गांठ कशी होती, दोरी कशाची होती, चिठ्ठी बांधली होती काय, हें नोंदावें. कागद मितीवार लावावयाचे असल्यास प्रत्येकावर, पेन्सिलीनें व कडेस, मूळ रुमालाचा व त्यांतील जागेचा आंकडा लिहावा, म्हणजे जुनी रचना केव्हांही परत उभी करतां येईल. रुमाल, थैली, लाखेचा तुकडा, लिफाफा, पोथीच्या फळ्या हीं टाकूं नयेत. कसर लागली असल्यास निराळीं ठेवावीं, पण ठेवावीं. कापडावर ठसा असेल तर त्याची प्रतिमा घ्यावी, अर्धा असला तरीही.

आजकाल संग्रहांचीं छायाचित्रें यंत्रानें भराभर काढून ठेवितात. हें काम फार उपकारक आहे. परंतु त्यांत बहुधा कागदाची लिहिलेली बाजूच येते. पाठ कोरी म्हणून सोडतात, आणि सांध्यावरील शिक्का पाठीवर असतो. लोथलचे गोळे कोणी केवळ पुढून पाहिले असते तर आपणांस काय मिळालें असतें याचा विचार व्हावा.

ज्यांच्या घरीं जुन्या दप्तरांचे मूळ रुमाल, खलित्यांच्या थैल्या, किंवा ठाणाला अजून चिकटलेलीं तिकिटें असतील त्यांनीं त्यांचें वर्णन या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावें. असें वर्णन जमत गेलें तर कोणत्या काळीं कोणतें कापड, कोणती गांठ व कोणती खूण वापरीत याची एक यादी तयार होईल, आणि बिनसालाच्या पुष्कळ कागदांस आधार मिळेल. आमच्या हातून गेलेले दहा रुमाल परत येणार नाहींत. अकरावा त्या घरींच आहे, आणि पोथी अजून त्यांतच बांधलेली आहे. तो आम्हीं मागितला नाहीं.